वाडीजवळ थांबा

दुबईपासून दीड तासावरच्या हत्ताहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतोय, "तळं कसलं सुंदर आहे ना?" तळं सुंदर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांची सुटका होईल. हिरवं-निळं पाणी, चहूबाजूंनी तांबूस डोंगर, पाण्यात रंगीबेरंगी होड्या. फोटोत दिसतं तसंच आहे. फक्त फोटो काढणारा माणूस त्या डोंगरावरून पळत नसतो. मी पळत होते, आणि पळणाऱ्याची नजर तळ्यावर नसते, पुढचा दगड हलतोय का ह्याच्यावर असते.

मुळात मी पळणारी बाई नव्हे. दुबईत करामा भागात आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तर मी खालच्या किराणावाल्याच्या स्टुलावर बसून ती सुरू व्हायची वाट बघते. पण अल क्वोजच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर शबाना बसते. ती मूळची म्हसळ्याची, म्हणजे आमच्या श्रीवर्धनच्या शेजारची, राहते इंटरनॅशनल सिटीत, आणि चाळिशी उलटल्यावर तिला व्यायामाचं खूळ लागलेलं आहे. हत्ताच्या डोंगरात हौशी लोकांसाठी शर्यत आहे असं कळल्यावर तिने स्वतःबरोबर माझंही नाव देऊन टाकलं. मी भडकले तर म्हणाली, "अगं, चालत गेलीस तरी चालतं. तलाव बघायला मिळेल." ह्या तलावाच्या आमिषावर मी अख्खी थंडी पार्कात धापा टाकत काढली.

त्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम श्रीवर्धन. तिथे आमची वाडी आहे, म्हणजे नारळी-पोफळीची बाग. आमच्या बाजूला बागेला वाडीच म्हणतात. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात अर्धी वाडी आडवी झाली होती. त्यानंतर आई गेली. अण्णांनी पोफळीची नवी रोपं लावली आणि एकटे राहून ती वाढवली. मी एकुलती एक. गेल्या वर्षी मुंबईच्या एका माणसाने ती वाडी विकत मागितली, तेव्हा अण्णांनी मला फोनवर सरळ विचारलं, ठेवायची की विकायची? मी म्हटलं, बघू. दिवाळीत विचारलं, तेव्हाही म्हटलं, बघू. मग अण्णा महिनाभरासाठी दुबईलाच आले आणि येताना सुपाऱ्यांच्या पिशवीबरोबर तो प्रश्नही घेऊन आले. मुंबईचा माणूस आता थांबायला तयार नव्हता. अण्णांचं परतीचं विमान पुढच्या मंगळवारचं होतं, आणि जाण्याआधी त्यांना माझं हो किंवा नाही हवं होतं.

'विका' म्हटलं तर अण्णा खचतील, 'ठेवा' म्हटलं तर मला कधीतरी तिकडे जाऊन राहावं लागेल. म्हणून मी त्यांच्याबरोबर एकटी बसायची वेळच येऊ देत नव्हते. हत्ताला त्यांना नेण्यामागेही तोच हिशेब होता. गाडीत नवरा, मुलगी आणि शबाना असताना हा विषय निघणार नाही अशी माझी अटकळ होती.

विषय पहिल्या तासाभरातच निघाला.

रस्त्यात

अण्णा पुढच्या सीटवर होते. शहर संपून वाळू लागली, वाळू संपून डोंगर लागले. अण्णांनी बराच वेळ त्या डोंगरांकडे बघितलं आणि नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं, "ह्यांना वणवा लागला होता का?" नितीन नागपूरचा. त्याने गंभीरपणे सांगितलं की नाही, हे असेच असतात. अण्णांचा विश्वास बसला नाही. सह्याद्री उन्हाळ्यात कितीही भाजला तरी कुठेतरी एखादी करवंदीची जाळी धरून असतो. इथे मैलच्या मैल गवताची काडी नाही. नुसता दगड, तोही भुसभुशीत, वरून खाली सांडल्यासारखा.

मग त्यांनी माझ्या नव्या बुटांची किंमत विचारली, दिऱ्हामचे रुपये करून मोठ्याने सांगितले, आणि त्याच श्वासात म्हणाले, "तर गौरी, त्या माणसाला काय कळवू?"

मी म्हटलं, "अण्णा, आज शर्यत आहे. आज नको."

"बघू म्हणतेस तर."

शबाना खिडकीबाहेर बघायला लागली. माझ्या मुलीने, सईने, कानातली बोंडं काढून विचारलं, "व्हॉट माणूस?" आणि उत्तराची वाट न बघता परत घातली. ती तेरा वर्षांची आहे. आपण मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा करार आहे. तो करार मी केलेला नाही.

वाटेत चहाला थांबलो. इथे चहाला 'करक' म्हणतात. आपल्याच 'कडक'चा तो अवतार आहे असं नितीनने सांगितल्यावर अण्णा खूश झाले, पण एक घोट घेऊन म्हणाले, "नाव कडक आणि आत बासुंदी." तरी पूर्ण प्यायले. पानातलं टाकायचं नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नियम आहे आणि तो पेल्यालाही लागू आहे. पुढे ह्या नियमाने मला फार छळलं, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

धरणाच्या काठी

सकाळी हत्तात चांगलाच गारवा असतो. दुबईत आठ महिने घामाने निथळणारी माणसं इथे हौसेने स्वेटर घालून हिंडतात. धरणाजवळ फुगवलेली कमान, कर्कश संगीत आणि माईकवर ओरडणारा एक तरुण. त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी "यल्ला!", म्हणजे 'चला', होतं. पळणारे सगळे पंचविशीतले आणि सडपातळ. माझ्या वयाची एक बाई दिसली म्हणून बरं वाटलं, तर ती पाणी वाटणारी स्वयंसेविका निघाली.

अण्णा धरणाच्या भिंतीकडे बघत होते. ह्या पाण्यावर भिजतं किती, असं त्यांनी विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. "एवढं पाणी आणि खाली एक वाफा नाही? नुसत्या होड्या?" असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हणाले, जणू मीच ते धरण बांधलं होतं.

आता इथे एक शब्द समजावून सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्याचा आहे. ह्या देशात डोंगरातून उतरणाऱ्या कोरड्या नदीपात्राला 'वादी' म्हणतात. पाऊस पडला तर लोंढा येतो, एरवी नुसते गोटे. पाट्यांवर हे नाव इंग्रजीत असतं, आणि आम्ही मराठी लोक ते आपल्या पद्धतीने 'वाडी' असं वाचतो. वीस-वीस वर्षं इथे राहिलेले लोक शनिवारी वाडीत बार्बेक्यू करायला जातात. सई सुधारते, "इट्स वादी, आई." मी ऐकत नाही.

शर्यतीची वाट डोंगरावर चढून, कडेकडेने तळ्यावरून जाऊन, पलीकडे अशाच एका वादीत उतरत होती आणि तिथून वळून परत धरणाशी संपत होती. तिथवर गाडी जायची, त्यामुळे घरच्यांना तिथे उभं राहायची परवानगी होती. मी अण्णांना म्हटलं, "तुम्ही नितीनबरोबर वाडीजवळ थांबा. मी डोंगर उतरून तिथूनच जाणार आहे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "इथे वाडी आहे?"

"आहे की. मोठी आहे."

त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं, माझ्या शर्यतीत त्यांना रस वाटला. किती बरं वाटलं मला त्या क्षणी, ते आठवून आता चीड येते.

वर

चढणीबद्दल फार लिहीत नाही. सुरुवातीला सगळे पळाले, मग सगळे चालायला लागले, मग फक्त मी चालत होते. दगड पायाखालून सरकत होते. एकदा मी घसरले आणि तळहात सोलवटून निघाला. मागून एक उंच गोरा मुलगा आला, "ऑल ओके?" म्हणाला आणि मी उत्तर देईपर्यंत वळणाआड गेलासुद्धा. शबानाचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा ती मला पुढे जायला सांगून एका दगडावर बसली. म्हणजे जिने मला ह्यात ढकललं ती बसली, आणि मी पळत राहिले.

माथ्यावर पोचले तेव्हा तळं एकदम समोर आलं. मी थांबले. खरं सांगायचं तर थांबायला कारण हवंच होतं. खाली पाण्यात डोंगराची सावली, सावलीच्या कडेने चमचमणारी एक ओळ, आणि होड्या अगदी सुपारीच्या खांडाएवढ्या. वारा गार होता. घाम सुकत होता. पाच मिनिटं मला कोणाचाही राग आला नाही. ती पाच मिनिटं मी जपून ठेवलेली आहेत, कारण त्यानंतरच्या दीड तासात माझ्या पदरात दुसरं काही पडलं नाही.

खाली

उतरून वादीत आले तर नितीन गाडीला टेकून शावरमा खात उभा होता. सई आत बसून फोन बघत होती. मी विचारलं, "अण्णा कुठे आहेत?"

नितीन म्हणाला, "म्हणजे? ते पुढे आहेत ना?"

हळूहळू असं कळलं की गाडी गावाच्या कडेला पेट्रोलला थांबली होती, तेव्हा अण्णा खाली उतरले आणि म्हणाले, "मी जातो वाडीकडे पायी, जवळच दिसतेय." नितीनने विचार केला, म्हाताऱ्या माणसाला पाय मोकळे करायचे असतील. त्याने त्यांना जाऊ दिलं. फोन? फोन गाडीत चार्जिंगला लावलेला होता. नितीनने तो वर करून दाखवला.

मी नितीनला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो सज्जन माणूस आहे, पण दर वेळी सज्जनपणा कामाचा नसतो. आम्ही वादीत वर-खाली हाका मारत फिरलो. नुसते पांढरे गोटे, मध्ये एखादं काटेरी झुडूप, एक बकरी. ऊन आता चढलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, परका मुलुख, हातात पाण्याची बाटली नाही. स्वयंसेवकाला सांगितलं तर तो म्हणाला, काळजी करू नका, सापडतील, इन्शाल्ला. इथे इन्शाल्ला म्हणजे होईल की होणार नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मला दिसत होतं की अण्णा कुठल्यातरी घळीत पडले आहेत आणि त्यांच्या प्रश्नाला मी दिलेलं शेवटचं उत्तर 'आज नको' हेच आहे.

तेवढ्यात शबाना लंगडत डोंगर उतरून आली. तिला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "तू त्यांना नक्की काय बोललीस?"

"वाडीजवळ थांबा म्हटलं."

शबाना म्हणाली, "गौरी, तू श्रीवर्धनची आहेस ना? वाडी बोललीस तर ते ह्या धोंड्यांत कशाला येतील? वाडीतच असतील. झाडं कुठे आहेत इथे, ते बघ."

नागपूरच्या माणसाला वाडी म्हणजे चार घरांची वस्ती. माझ्या मुलीला तो चुकीचा उच्चार. आणि पोफळीच्या सावलीत लहानाची मोठी झालेल्या मला वाडी म्हणजे बार्बेक्यू. म्हसळ्याच्या शबानाला मात्र क्षणात कळलं. मला स्वतःचीच इतकी चीड आली की रडूही येईना.

वाडी

हत्ताच्या जुन्या गावाला लागून खजुरीच्या बागा आहेत. मातीची बुटकी भिंत, आत दाट झाडी, आणि झाडांच्या मुळांशी खेळणारा पाण्याचा पाट. इथे त्या पाटाला 'फलज' म्हणतात. गाडी तिकडे नेली, आणि दुसऱ्या बागेत शिरलो तोच अण्णा सापडले. चटईवर मांडी घालून बसले होते. समोर पांढरा पायघोळ कंदुरा घातलेले त्यांच्याच वयाचे एक अरब गृहस्थ, मध्ये खजुराची थाळी, आणि अण्णांच्या हातात बिनकानाचा इवलासा कॉफीचा कप.

मी ओरडले. परक्याच्या दारात ओरडू नये, पण ओरडले. अण्णा शांतपणे म्हणाले, "वाडीजवळ थांब म्हणालीस. जवळ कशाला, आत येऊन बसलोय."

त्यांनी पेट्रोल पंपावर एकाला वाडी कुठे आहे विचारलं, तर त्याने दगडधोंड्यांकडे बोट दाखवलं. तो वेडा असावा असं ठरवून अण्णा झाडांच्या दिशेने चालत सुटले. आत पाट बघून थांबले, एके ठिकाणी पाणी फुटून वाया जात होतं तिथे चिखल लावायला बसले, आणि मालकाने त्यांना तसं पकडलं. मालक लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला येत असत. त्यांचं हिंदी आमच्या अण्णांच्या हिंदीपेक्षा बरं होतं.

मग इतका वेळ का? तर कॉफी. इथला रिवाज असा, की पुरे झालं म्हणजे रिकामा कप हलवून परत द्यायचा. नाही हलवला तर यजमान भरत राहतो. अण्णांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ते नियमाप्रमाणे कप संपवत होते, ते गृहस्थ रिवाजाप्रमाणे भरत होते, आणि दोघेही मनातून थकले होते. शबानाने पुढे होऊन अण्णांच्या हातातला कप हलवला. दोन्ही म्हाताऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

मी म्हटलं, चला आता. अण्णा उठले नाहीत.

"हे विचारत होते, तुमची बाग पुढे कोण बघणार. मी म्हटलं, मुलीला विचारलंय. ती म्हणते बघू. तर ह्यांनी विचारलं, बघू म्हणजे काय? मी समजावलं." अण्णांनी त्या गृहस्थांकडे बघितलं. "ते हसले. म्हणाले, इन्शाल्ला. माझी मुलंही तेच म्हणतात."

ते गृहस्थ आत्ताही हसत होते, पण डोळ्यांनी नाही.

"अण्णा, प्लीज, आत्ता नको."

"मग कधी? मंगळवारी विमानतळावर?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी—" शबाना भिंतीकडे वळली. "तुम्ही वादळानंतर एकेक रोप लावलंत. मी कुठल्या तोंडाने विका म्हणू?"

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं दहावीत माझ्या गणिताच्या पेपराकडे बघितलं होतं.

"गौरी, माझे गुडघे गेलेत. माकडं पीक ठेवत नाहीत. सुपारी पाडायला माणूस मिळत नाही. तू नको म्हणाली असतीस तर मी मागच्याच वर्षी सुटलो असतो. तू म्हणालीस बघू. म्हणून मी रोज पहाटे उठून पंप लावतोय. वर्षभर मी तुझ्या त्या बघूला पाणी घालतोय."

मला वाटत होतं की त्यांच्यासाठी मी ती वाडी जिवंत ठेवली आहे. ते माझ्यासाठी ठेवत होते. दोघांपैकी एकालाही ती नको होती, आणि एकाचीही ती सोडायची हिंमत नव्हती. नाही, माझीच नव्हती. त्यांनी तर विचारलं होतं.

"विका, अण्णा," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी नितीनकडे आपला फोन मागितला, चष्मा वर करून नंबर शोधला आणि त्या मुंबईच्या माणसाला सांगितलं की देतो, आल्यावर बसू. मग फोन परत दिला. डोळे पुसले, अगदी उघडपणे पुसले, आणि मग त्या गृहस्थांना हिंदीत म्हणाले की झाडं फार जवळजवळ लावली आहेत, वारा खेळत नाही.

मी त्यांच्या शेजारी बसले. पाय दुखत होते, तळहात झोंबत होता. आपण घरी जाऊ या, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात त्यांनी माझ्या छातीवर लावलेल्या शर्यतीच्या नंबराकडे बघितलं.

"तुझं पळणं झालं का?"

"नाही. अर्ध्यात सोडून आले तुम्हाला शोधायला."

"मग इथे काय बसलीस? जा. एक तरी गोष्ट पुरी कर."

नितीनने मला जिथून उचललं होतं तिथेच परत सोडलं. पाणी वाटणारे लोक टेबलं गुंडाळत होते. मी त्या गोट्यांतून पळायला लागले, एकटीच, माझ्या मागेपुढे कोणी नाही. मी रडत होते आणि अण्णांना शिव्या देत होते, आणि धरणाची भिंत दिसेपर्यंत एकदाही चालले नाही.